गाडीतळ, फलाट, वाहनतळ : सोलापूरच्या सीमाभागातील एसटी स्थानकांच्या रचनेचा मागोवा

वाहनतळ असलेले बसस्थानक ही प्रवासाचे दोन टप्पे जोडणारी जागा असते. घरापासून स्थानकापर्यंतचा टप्पा प्रवासी स्वतःच्या वाहनाने पार करतो, वाहन तिथे ठेवतो आणि पुढचे लांबचे अंतर बसने जातो. परतताना हाच क्रम उलटा होतो. महानगरांसाठी ही कल्पना नवी म्हणून मांडली जाते, पण सोलापूर जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला, कर्नाटकाच्या सीमेलगत असलेल्या मैंदर्गीसारख्या गावात ती रोजच्या जगण्याचाच भाग आहे. अक्कलकोट तालुक्यातील हे नगरपरिषदेचे गाव अक्कलकोटहून दुधनीकडे जाणाऱ्या वाटेवर आहे. अशा गावात शेतवस्त्यांवरची आणि आसपासच्या खेड्यांतली माणसे मिळेल त्या वाहनाने मोठ्या रस्त्यापर्यंत येतात आणि तिथून एसटी धरतात. हे वाहन शंभर वर्षांत बदलत गेले. आधी बैलगाडी होती, मग सायकल आली, पुढे दुचाकी आणि चारचाकी. स्थानकाची इमारतही बदलली, पण तिचा नकाशा नेहमी बसच्या मापाने आखला गेला. प्रवासी ज्या वाहनाने येतो त्याला त्या नकाशात सर्वांत शेवटी जागा मिळाली.

रेल्वेचे ठाणे आणि मोटार स्टँड

या भागात वाहन बदलून पुढे जाण्याची सवय रेल्वेने लावली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा लोहमार्ग १८६० मध्ये सोलापूरला पोहोचला आणि १८७१ पर्यंत गुलबर्गा, वाडीवरून रायचूरपर्यंत गेला. लोहमार्ग अक्कलकोट शहराला टेकला नाही. शहरापासून दूर असलेल्या स्थानकाला ‘अक्कलकोट रोड’ हे नाव मिळाले, आणि इथे उतरून पुढे रस्त्याने जायचे आहे हे त्या नावातच आले. मैंदर्गीच्या पलीकडचे दुधनीही याच मार्गावरचे स्थानक. गाडीच्या वेळेला खेड्यांतून बैलगाड्या यायच्या आणि उतारूंना घेऊन परतायच्या.

बैलगाड्या उभ्या राहण्याच्या गाडीतळाला भिंती नसत, तरी त्याची रचना पक्की असे. बैलांना सावली आणि पाणी लागते, म्हणून तळ झाडाखाली आणि हौदाजवळ असे. गाडी मागे घेणे अवघड, म्हणून एका बाजूने आत येऊन दुसऱ्या बाजूने बाहेर पडता येईल इतके ते मैदान मोकळे लागे. गाडीवानाला दोन-तीन तास थांबावे लागे, म्हणून शेजारी चहाचे दुकान आणि बसायला ओटा असे. सावली, पाणी, एकेरी वाट आणि थांबणाऱ्याची सोय या चार गोष्टी आजच्या वाहनतळालाही लागतात.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात खाजगी मोटारी आल्या. बाजारपेठेच्या तोंडाशी जिथे त्या उभ्या राहत, त्या जागेला लोक मोटार स्टँड म्हणू लागले. गाडी भरली की निघायची, त्यामुळे वेळापत्रक नव्हते आणि इमारतीची गरजही कुणाला वाटली नाही. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने परवान्यांची शिस्त आणली. सीमेपलीकडे निजामाच्या राज्यात १९३२ मध्ये २७ बसांनिशी सुरू झालेली सरकारी बससेवा रेल्वेच्याच खात्यात होती. रेल्वे जिथे पोहोचत नाही तिथे बसने पोहोचवायचे, अशी ती व्यवस्था होती. अक्कलकोट संस्थान, ब्रिटिश सोलापूर जिल्हा आणि निजामाचा गुलबर्गा अशा तीन राजवटी या मुलखात एकमेकींना भिडत होत्या. प्रवासी मात्र बाजार, लग्नकार्य आणि देवदर्शनासाठी तिन्हीकडे जात होते.

सरकारी बस आणि पत्र्याची शेड

१ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली बस धावली. बेडफोर्डच्या सांगाड्यावर लाकडी बांधणीची ती गाडी ३० आसनांची होती. त्याच वर्षी अक्कलकोट संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि सप्टेंबरमध्ये हैदराबाद संस्थान भारतात आले. १९५० च्या मार्ग परिवहन महामंडळ कायद्याने अशा सेवांना कायदेशीर चौकट दिली. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत गुलबर्गा म्हैसूर राज्यात गेले, मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. त्यानंतर एसटीला आजचे रूप आले. मैंदर्गीचा परिसर तेव्हापासून दोन राज्यांच्या परिवहन महामंडळांच्या सीमेवर आहे.

सरकारी बसने स्थानकाच्या रचनेत मोठा बदल घडवला. गाडी आता ठरलेल्या वेळी सुटणार होती. त्यामुळे वेळ सांगणारी खिडकी हवी होती, नोंद ठेवणाऱ्या वाहतूक नियंत्रकाला खोली हवी होती आणि वाट पाहणाऱ्यांना छप्पर हवे होते. सुरुवातीची छपरे बहुधा लोखंडी किंवा लाकडी खांबांवरच्या पत्र्याची होती. पत्र्याची शेड लवकर उभी राहते आणि स्वस्त पडते, पण सोलापूरच्या चैत्र-वैशाखात ती भट्टीसारखी तापते. या मुलखातली जुनी घरे माळवदाची, म्हणजे जाड मातीच्या सपाट छपराची. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पुढे जातो तेव्हा माळवदाखाली गारवा राहतो. माळवदाच्या घरातून निघालेला माणूस तापलेल्या पत्र्याखाली बसची वाट पाहू लागला. हवामानाचा हा धडा सार्वजनिक इमारतीपर्यंत पोहोचला नाही.

स्लॅबचा काळ

१९६० ते १९८० या काळात एसटीचे जाळे झपाट्याने पसरले. १९७२–७३ च्या दुष्काळात सोलापूर जिल्हा होरपळला. त्या वेळी आणि पुढे रोजगार हमीच्या कामांतून खडी फोडून गावोगाव रस्ते झाले आणि त्या रस्त्यांवरून एसटी खेड्यांत शिरली. ‘रस्ता तिथे एसटी’ हे धोरण प्रत्यक्षात उतरले ते या रस्त्यांमुळे. तालुक्याच्या गावी आगार, बाजाराच्या गावी स्थानक आणि फाट्यावर थांबा, अशी तीन पायऱ्यांची मांडणी झाली. सोलापूर विभागातील अक्कलकोट आगार या सीमाभागाचे केंद्र ठरले.

मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर ‘एसटी स्टँड’ म्हणून जे चित्र येते ते याच काळातले. पुढे लांब फलाट, त्यावर सिमेंट काँक्रीटचा पुढे झुकलेला स्लॅब, मागे नियंत्रण कक्ष, चौकशीची आणि पासाची खिडकी, उपाहारगृह, पुस्तकांचा स्टॉल, कोपऱ्यात रसवंती, टोकाला स्वच्छतागृह. पायाखाली शहाबादी फरशी. ही फरशी मैंदर्गीकरांना तर शेजारचीच, कारण शहाबाद याच लोहमार्गावर पुढे कलबुर्गी (पूर्वीच्या गुलबर्गा) जिल्ह्यात आहे.

या रचनेचा गाभा म्हणजे फलाट. बस तिरकी येऊन तोंड फलाटाला लावते आणि निघताना मागे घेऊन वळते. त्यामुळे थोड्या लांबीत जास्त गाड्या लागतात आणि प्रवाशाला फलाटाच्या क्रमांकावरून आपली गाडी सापडते. याची किंमत मोकळ्या मैदानात मोजावी लागते. अकरा-बारा मीटर लांबीची बस मागे घेऊन वळवायची तर फलाटासमोर बसच्या लांबीच्या निदान दुप्पट खोलीची जागा हवी. मागे येणाऱ्या बसच्या चालकाला मागचे पूर्ण दिसत नाही. वाहकाची शिट्टी हाच त्याचा डोळा. म्हणून या मैदानात माणूस किंवा दुचाकी येऊ नये ही सुरक्षिततेची पहिली अट ठरते, आणि पुढे दुचाकी वाढल्या तेव्हा नेमकी हीच अट मोडली गेली.

छपराच्या उंचीचा पेचही याच काळातला. बसचे टप आणि त्यावरचे सामान खालून जावे म्हणून स्लॅब उंच ठेवावा लागतो. छप्पर जितके उंच, तितकी दुपारची तिरपी किरणे आणि पावसाची झड आत येते. फलाट पश्चिमेकडे उघडा असेल तर दुपारी तीननंतर बाकांवर ऊन असते आणि माणसे भिंतीच्या सावलीत उभी राहतात. बसवर येणारी कड तेवढी उंच ठेवून बसण्याच्या जागेवरचे छप्पर खाली घेणे आणि पश्चिमेला जाळीची भिंत किंवा झाडांची रांग देणे हा यावरचा उपाय. एकाच नमुन्याचा नकाशा कोकणातही वापरायचा आणि सोलापुरातही, या पद्धतीत हा उपाय अनेक ठिकाणी राहून गेला.

जमिनीचा प्रश्न वेगळाच होता. या भागातली खोल काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर मुरूम-दगडाचा पुरेसा थर न देता मैदान केले तर काही पावसाळ्यांतच खड्डे पडतात, पाणी साचते आणि फलाटाची कड तुटते. अशा ठिकाणी इमारतीचा पाया खाली कठीण थरापर्यंत न्यावा लागतो आणि मैदानाला उतार व चर द्यावे लागतात. पाऊस कमी म्हणून निचऱ्याकडे दुर्लक्ष झाले, तर परतीच्या पावसाच्या एका मोठ्या सरीत अख्खा स्टँड चिखलात जातो.

सायकलीपासून दुचाकीपर्यंत

याच वर्षांत प्रवाशाच्या हाती स्वतःचे चाक आले. पहिली सायकल. तालुक्याला शाळा-कॉलेजात जाणारी मुले आणि नोकरदार माणसे सायकलने फाट्यापर्यंत येत आणि ती ओळखीच्या दुकानापाशी लावून एसटीत चढत. मोठ्या स्थानकांबाहेर पैसे घेऊन सायकली सांभाळणारे सायकल स्टँड उभे राहिले. वाहन ठेवून पुढे जाण्याची महाराष्ट्रातली ही पहिली व्यवस्थित सेवा म्हणता येईल. ती बहुतेक ठिकाणी स्थानकाच्या कुंपणाबाहेर होती, कारण आतल्या नकाशात तिला जागाच नव्हती.

१९७२ मध्ये कायनेटिकची लुना आणि बजाजची चेतक बाजारात आली. १९८५ मध्ये कमी पेट्रोलवर चालणारी हिरो होंडा आली आणि मोटारसायकल शेतकऱ्याच्या आवाक्यात येऊ लागली. त्याच सुमारास जीपगाड्यांचे वडाप, म्हणजे खाजगी प्रवासी वाहतूक, वाढले. वडाप स्थानकाच्या फाटकासमोर उभे राहून एसटीचा प्रवासी उचलू लागले, तर दुचाकीवाला एसटीपर्यंत येऊन वाहन कुठे ठेवायचे या विवंचनेत पडला. वाहन सुरक्षित राहील याची खात्री नसेल तर माणूस पंधरा किलोमीटरसाठी आणलेली दुचाकी पुढे चाळीस किलोमीटर तशीच दामटतो. एसटीचा प्रवासी कमी होण्याची अनेक कारणे आहेत, त्यांतले हे एक साधे आणि नकाशातून सुटण्यासारखे.

‘सोडून जाणारे’ आणि ‘ठेवून जाणारे’ वाहन यांतला फरक इथे महत्त्वाचा आहे. आईला, बहिणीला किंवा शाळकरी मुलीला सोडायला येणारी दुचाकी दोन मिनिटे थांबते. तिला फाटकाजवळ, सावलीत, बसच्या वाटेबाहेर एक पट्टा पुरतो. ठेवून जाणारी दुचाकी सकाळपासून संध्याकाळपर्यंत उभी असते. तिला छप्पर, राखण आणि रात्रीचा दिवा लागतो. दोन्ही एकाच जागी आल्या की फाटक तुंबते आणि बस अडकते.

यात्रांनी शिकवलेली रचना

वाहने बाहेर थांबवून माणसांना बसने आत न्यायचे, हे तंत्र महाराष्ट्रात यात्रांमध्ये घडले. नाशिक जिल्ह्यात सप्तशृंगी गडाच्या चैत्रोत्सवात आणि नवरात्रात खाजगी वाहने नांदुरीच्या पायथ्याशी थांबवली जातात आणि घाटातून भाविकांना एसटी वर नेते. २०१५ च्या सिंहस्थात नाशिक आणि त्र्यंबकेश्वरच्या बाहेर मोठे वाहनतळ केले गेले आणि तिथून आत एसटीच्या फेऱ्या चालल्या. यात्रेबाहेरचे उदाहरण माथेरानचे. तिथे मोटारींना बंदी आहे. दस्तुरी नाक्यावर गाडी ठेवून पुढे पायी, घोड्यावर किंवा छोट्या रेल्वेने जावे लागते.

सोलापूर जिल्ह्यातला सर्वांत मोठा धडा पंढरपूरचा. आषाढीला एसटी राज्यभरातून सुमारे ५,००० जादा गाड्या सोडते. गावातल्या एका स्थानकात त्या मावणे शक्य नाही. म्हणून चंद्रभागा, भीमा, पांडुरंग आणि विठ्ठल कारखाना अशी तात्पुरती यात्रा स्थानके उभी केली जातात आणि कोणत्या भागाच्या गाड्या कुठून सुटतील हे आधी ठरवले जाते. तिथे मंडप, पाण्याचे टँकर, दिवे, ध्वनिक्षेपक आणि उंचावर दिसणाऱ्या जिल्ह्यांच्या पाट्या लागतात, पक्की इमारत लागत नाही. येणाऱ्या आणि जाणाऱ्या गाड्यांच्या वाटा वेगळ्या ठेवल्या की प्रचंड गर्दीही हलते, आणि त्या एकमेकींत मिसळल्या की थोडी गर्दीही अडते.

अक्कलकोटलाही स्वामी समर्थांच्या दर्शनासाठी वर्षभर वाहनांची रीघ असते. गुरुपौर्णिमा, स्वामींचा प्रकटदिन, दत्तजयंती या दिवशी ती कितीतरी वाढते. अक्कलकोट आणि कर्नाटकातील गाणगापूर ही दोन्ही क्षेत्रे एकाच यात्रेत करणारे पुष्कळ भाविक मैंदर्गी-दुधनीच्या बाजूने जातात. त्यामुळे इथल्या छोट्या स्थानकांवर रोजचा गावकरी आणि वाटेवरचा यात्रेकरू असे दोन प्रकारचे प्रवासी येतात. गावकऱ्याला स्थानकाचा कोपरान् कोपरा माहीत असतो, तर यात्रेकरूला पाटी लागते. एसटीच्या पाट्या मराठीत आणि कर्नाटकच्या गाड्यांच्या कन्नडमध्ये असतात. ज्या गावात दोन्ही भाषा घराघरांत बोलल्या जातात, तिथे स्थानकाच्या पाट्याही दोन्ही भाषांत असणे हा रचनेचाच भाग मानावा लागतो.

व्यापारी संकुलांचा टप्पा

एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला एसटीने ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ या तत्त्वावर स्थानकांच्या जागा विकसित करण्याचे धोरण घेतले. विकासकाने स्थानक बांधून द्यायचे आणि त्या बदल्यात वरच्या मजल्यांवर किंवा दर्शनी बाजूला दुकाने काढायची, असे त्याचे स्वरूप होते. वाहनतळ नकाशात प्रथमच बंधनकारक घटक म्हणून आला तो या टप्प्यात, पण बहुधा तळघरात आणि दुकानांच्या गिऱ्हाइकांसाठी. बाजारपेठ जोरात असलेल्या शहरांसाठी हा मार्ग होता. लहान गावांत विकासक फिरकले नाहीत, त्यामुळे तिथली स्थानके जुन्या स्लॅबखालीच राहिली.

परदेशात तोपर्यंत वाहनतळ-स्थानक हा वास्तुरचनेचा स्वतंत्र विषय झाला होता. ऑक्सफर्डने १९७३ मध्ये शहराच्या दक्षिणेला रेडब्रिज येथे वाहनतळ करून बसने लोकांना जुन्या गावठाणात नेण्यास सुरुवात केली. उद्देश अरुंद रस्ते वाचवण्याचा होता. फ्रान्समधील स्ट्रासबुर्गच्या उत्तरेला होएनहाइम येथे २००१ मध्ये झाहा हदीद यांनी रचलेले ट्रामचे स्थानक आणि सुमारे ७०० मोटारींचा वाहनतळ सुरू झाला. या रचनेला २००३ चा मीस व्हॅन डर रोह पुरस्कार मिळाला. तिथे जमिनीवरच्या पांढऱ्या रेषा, दिव्यांचे खांब आणि कलत्या खांबांवरचे काँक्रीटचे छप्पर मिळून एकच आकृती होते. वाहनतळ ही उरलेली जागा नसून स्थानकाइतकाच विचारपूर्वक आखायचा भाग आहे, हे या कामाने दाखवले. मोटारींचे ते माप मात्र दुचाकींच्या प्रदेशाला जसेच्या तसे लागू होत नाही.

२०१५ पासूनचे बदल

डिसेंबर २०१५ मध्ये सुरू झालेले सुगम्य भारत अभियान आणि २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा यांमुळे रॅम्प, कठडे आणि योग्य स्वच्छतागृह या गोष्टी बंधनाच्या झाल्या. स्तनदा मातांसाठी हिरकणी कक्ष आले. डिसेंबर २०२० मध्ये राज्याने एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू केली आणि वाहनतळाची मापे ठरली. मोटारीला २.५ बाय ५ मीटर, दुचाकीला १ बाय २ मीटर आणि सायकलीला ०.५ बाय १.४ मीटर.

ऑक्टोबर २०२१ ते एप्रिल २०२२ या काळातल्या एसटी कर्मचाऱ्यांच्या संपात खेड्यांतला प्रवासी दुचाकी आणि वडापवर अवलंबून राहिला. त्यानंतर ऑगस्ट २०२२ मध्ये ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत प्रवास आणि मार्च २०२३ मध्ये महिलांना निम्मे भाडे या सवलतींनी गाड्या पुन्हा भरल्या. फलाटावर बायका, मुली आणि वृद्ध यांचे प्रमाण वाढले. त्यांच्यासाठी बसण्याची जागा, स्वच्छतागृह आणि अंधार पडल्यावरचा उजेड या पहिल्या गरजा आहेत. फेब्रुवारी २०२५ मध्ये पुण्याच्या स्वारगेट स्थानकात उभ्या बसमध्ये घडलेल्या अत्याचाराच्या गुन्ह्यानंतर आवारात उभ्या गाड्या, अंधारे कोपरे आणि राखण यांकडे राज्यभर लक्ष वेधले गेले. वाहनतळालाही तोच निकष लागतो. नियंत्रण कक्षाच्या खिडकीतून दिसणार नाही असा वाहनतळ सुरक्षित म्हणता येत नाही.

१ जून २०२२ रोजी पुणे–अहमदनगर याच पहिल्या मार्गावर एसटीची विजेवरची ‘शिवाई’ धावली. विजेच्या गाड्यांना स्थानकात चार्जिंगची जागा आणि जास्त दाबाची वीज लागते. वाहनतळावरच्या छपरांवर सौर पट्ट्या बसवल्या तर सावली आणि वीज दोन्ही मिळतात.

मैंदर्गीच्या मापाची रचना

या साऱ्या टप्प्यांतून लहान गावाच्या स्थानकासाठी काही नियम निघतात. पहिला जागेचा. एका मोटारीला साडेबारा चौरस मीटर लागतात, तेवढ्याच जागेत सहा दुचाकी बसतात. ६० दुचाकींना निव्वळ जागा १२० चौरस मीटर होते. मधल्या वाटा धरून ती दुप्पट केली तरी अडीच गुंठ्यांच्या आत भागते. ६० मोटारींना त्याच हिशेबाने सुमारे पंधरा गुंठे लागतील. म्हणून अशा गावात वाहनतळ दुचाकीच्या मापाने आखावा, मोटारींसाठी मोजक्या जागा ठेवाव्यात आणि सायकलींची रांग फलाटाला सर्वांत जवळ द्यावी. सायकलीवर येतात ती बहुधा शाळेची मुले.

दुसरा नियम वाटांचा. बसचे, दुचाकीचे आणि पायी चालणाऱ्याचे फाटक वेगळे असावे. वाहन ठेवून फलाटावर येणाऱ्याला बस मागे येते ते मैदान ओलांडावे लागू नये. यासाठी वाहनतळ फलाटाच्या मागे, इमारतीच्या पाठीशी घेणे सर्वांत सोपे. तिथून प्रवासी थेट छपराखालून फलाटावर येतो. सोडून जाणाऱ्या वाहनांचा पट्टा रस्त्याच्या कडेला फाटकाजवळ असावा.

तिसरा नियम हवामानाचा. वाहनतळाला पत्र्याऐवजी झाडांची सावली निम्म्या भागात तरी द्यावी. कडुनिंब आणि चिंच ही या कोरड्या मुलखात टिकणारी झाडे. काळ्या मातीवर आधी मुरूम-दगडाचा थर, त्यावर पाणी झिरपू देणारी फरसबंदी आणि कडेने चर घालावेत. पश्चिमेची बाजू झाडांनी किंवा जाळीने झाकावी.

चौथा नियम राखणीचा. वाहनतळाच्या तोंडाशी चहाचे किंवा पंक्चरचे दुकान दिले तर तिथे दिवसभर माणूस असतो. मुक्कामी गाडी रात्री लागते आणि पहाटे सुटते, म्हणून किमान एक दिवा आणि एक पाण्याचा नळ रात्रभर चालू हवा. बैलगाडीच्या तळावर झाड, हौद, एकेरी वाट आणि ओटा होता. दुचाकीच्या तळावर झाड, नळ, वेगळे फाटक आणि राखणदार हवा. या गोष्टींना मोठा खर्च लागत नाही. स्थानकाचा नकाशा काढताना प्रवासी घरून कसा येतो हे आधी विचारले, तर त्या पहिल्याच रेषेत येतात.